मामा-मामी मुंबई बघायला येताहेत. दोन दिवसांत काय काय दाखवू?

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी रात्री माझे मामा-मामी लातूर एक्सप्रेसमध्ये बसताहेत. रविवार आणि सोमवार मुंबई बघायची, मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. (मंगळवारचा दिवस धरू नका, डोंबिवलीत तीन घरी जेवणं आहेत.) मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आयुष्यभर गाडी हाकली, पण औसा, निलंगा, सोलापूर, हैदराबाद या पट्ट्यात. मुंबई सेंट्रलला दोनदा गाडी घेऊन आले, डेपोत झोपले आणि पहाटे परत निघाले. मामींनी तर समुद्रच पाहिलेला नाही.

आता कबुली देते. मी एकोणीस वर्षं इथे राहते. रोज ८.०७ची लोकल, फोर्टात ऑफिस, संध्याकाळी उलटा प्रवास. गेटवेला शेवटची गेले तेव्हा लेक पहिलीत होती, यंदा ती बारावीला आहे. मामींनी फोनवर विचारलं, "काय काय दावतीस मग मुंबईत?" तर माझ्या डोळ्यांसमोर दादरचा पूल आला. बाकी काहीच नाही.

कसाबसा बेत आखलाय. रविवारी सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग, हँगिंग गार्डन, चौपाटी. सोमवारी गेटवे, घारापुरी, म्युझियम, जुहू आणि वेळ उरला तर सी लिंक. मामींचे गुडघे दुखतात, मामा ठणठणीत आहेत.

जमेल ना?

चर्चगेट_फास्ट

जमेल. येताना दोघं चालत येतील, जाताना स्ट्रेचर लागेल.

शंकासुर

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बेत तिथेच कोसळला.

पिठलंभाकरी

आणि रविवारी मेगाब्लॉक. अकरा ते चारच्या मधे डोंबिवलीहून निघणार असाल तर गाडी कुठल्या रुळावरून कुठे जाईल याचा नेम नाही. शुक्रवारी वेळापत्रक जाहीर होतं, ते बघूनच घरातून पाय काढा.

चर्चगेट_फास्ट

एकोणीस वर्षं मुंबईत आणि मेगाब्लॉक विसरल्या! यांचं ओळखपत्र तपासा रे कुणीतरी.

मोगरा_डोंबिवली

रविवारी मी घराबाहेर पडतच नाही हो. मेगाब्लॉक माझ्यासाठी फक्त बातम्यांत असतो :)

सोमवारचं मात्र खरंच माहीत नव्हतं. शंकासुर, धन्यवाद. नाहीतर गेटवेवर उभं राहून मामांना बोर्ड वाचून दाखवायची वेळ आली असती.

गिरगावकर

मोगराताई, एक प्रश्न. गाडी सीएसएमटीपर्यंत येते ना? मग तुम्ही त्यांना कुठे उतरवणार? कल्याणला. बरोबर? आपण सगळे हेच करतो. पाहुण्यांना कल्याणला उतरवायचं, घरी न्यायचं, आंघोळ, पोहे, गप्पा, आणि बारा वाजता मेगाब्लॉकात पुन्हा उलटं मुंबईला. अर्धा दिवस तिथेच गेला.

तसं करू नका. त्यांना सरळ सीएसएमटीपर्यंत येऊ द्या आणि तुम्ही पहाटेच्या लोकलने तिथे पोचा. प्रतीक्षालयात तोंड-हात धुवा, सामान क्लोकरूममध्ये टाका (बॅगेला कुलूप लागतं, विसरू नका), चहा घ्या आणि बाहेर या. मुंबईतली सगळ्यात बघण्यासारखी इमारत तुमच्या पाठीशी उभी असेल, तीही फुकट आणि रविवारच्या सकाळी गर्दीशिवाय.

आपण रोज तिच्या पोटातून धावत जातो, म्हणून मान वर होत नाही. एकदा रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपण. भिंतींवर मोर, माकडं, पानं-फुलं. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. दर्शनी बाजूला गोल चौकटींमध्ये रेल्वे कंपनीच्या बड्या लोकांचे चेहरे आहेत, त्यात एक पगडीवाला चेहरा शोधा. ते आपले जगन्नाथ शंकरशेठ. घड्याळाच्या खाली एक कोनाडा रिकामा दिसेल. तिथे व्हिक्टोरिया राणी होती. राणी गेली, कोनाडा राहिला.

१८७८ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. स्टीव्हन्स नावाचा वास्तुविशारद. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची. २००४ साली युनेस्कोने स्टेशनाला जागतिक वारशात घेतलं. जागतिक वारसा असून रोज लाखो लोक त्यातून घामेजलेले धावताहेत, असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

भटका_भुंगा

गिरगावकरांना +१. आणि रविवारी फोर्ट म्हणजे स्वर्ग. ऑफिसं बंद, रस्ते रिकामे. स्टेशनापासून दादाभाई नौरोजी रस्त्याने कमानींखालून रमतगमत हुतात्मा चौक, तिथून गेटवे. मामींना झेपेल, सावली आहे, मधे टेकता येतं.

गेटवेला गेलात की ताजची गोष्ट नक्की सांगा. वास्तुविशारदाने नकाशे दिले आणि तो विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं बांधलेलं! तोंड गावाकडे, पाठ समुद्राकडे. त्याने तिथेच जीव दिला.

शंकासुर

भुंगेराव, ही लोणकढी थाप आहे. ताजचे मूळ वास्तुविशारद रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांचे सहकारी मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच वारले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनियरने ते तडीस नेलं. जीव वगैरे कुणी दिला नाही. पूर्वी मुख्य दार मागे होतं, एवढ्यावरून ही दंतकथा निघाली.

शिवाय ताज उघडलं १९०३च्या डिसेंबरात. गेटवे उघडला १९२४च्या डिसेंबरात. म्हणजे गेटवेकडे पाठ करायला तेव्हा गेटवे होताच कुठे?

भटका_भुंगा

:( पस्तीस वर्षं सांगत आलोय हो ही गोष्ट. बायकोला पहिल्यांदा गेटवेला नेलं तेव्हासुद्धा हीच सांगितली होती.

चर्चगेट_फास्ट

आता लग्न कायदेशीर आहे का तेही तपासून घ्या.

शंकासुर, पुढचा वार कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटावर करू नका. त्यात म्हातारी राहत नव्हती असं कळलं तर मी हे संस्थळ सोडेन.

शंकासुर

बूट सुरक्षित आहे. पण गेटवेची खरी गोष्ट थापेपेक्षा मजेशीर आहे. राजा पंचम जॉर्ज १९११च्या डिसेंबरात आला, त्याच्या स्वागताची ही कमान. पायाभरणी त्याच वर्षी मार्चमध्ये झालेली, पुढे काही नाही. राजाला दाखवली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. खरी कमान उभी राहायला आणखी तेरा वर्षं गेली. आणि १९४८च्या २८ फेब्रुवारीला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. स्वागतासाठी बांधली, कामी आली निरोपाला.

पिठलंभाकरी

पुठ्ठ्याचं उद्घाटन आणि तेरा वर्षांनी काम पूर्ण. परंपरा फार जुनी आहे म्हणायची.

नलूमावशी

म्हातारीच्या बुटाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमची शाळेची सहल नगरहून आली होती. हँगिंग गार्डन, समोर कमला नेहरू पार्क, तारापोरवाला मत्स्यालय, राणीची बाग, विमानतळाचं कुंपण. हो, विमानतळ बाहेरून बघायची सहल असायची तेव्हा. बुटाच्या वरच्या खिडकीतून मी डोकं बाहेर काढलं आणि खाली चौपाटीची वळणदार कडा दिसली. बाईंनी खालून ओरडून उतरवलं. डब्यात दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाकी मुंबई काय पाहिली ते एक आठवत नाही, पण ती कडा आजही डोळ्यांपुढे आहे.

पुढे लग्न होऊन इथेच आले. मुलांना घेऊन डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडायची, हेच आमचं पर्यटन. जुन्या लाल डबलडेकर २०२३ला गेल्या. आताच्या वातानुकूलित आहेत, छान आहेत, पण खिडकी उघडत नाही. वारा नसेल तर वर बसायचं कशाला?

हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर आहे हे तुमच्या मामांना सांगा हं. १८८१ची बाग. खाली जलाशय, वर फुलं आणि झाडांचे हत्ती-घोडे.

मोगरा_डोंबिवली

मावशी, मत्स्यालय आमच्याही सहलीत होतं! आता ते बंद आहे ना?

नलूमावशी

बंद आहे गं. कोविडपासून.

सडेतोड_सातारी

मला खरंच कळत नाही, मुंबईत बघायला आहेच काय? गर्दी, घाम आणि दहा रुपयांच्या वस्तूला पन्नास. वयस्कर माणसांना दोन दिवस तंगडतोड करायला लावण्यापेक्षा वाईला न्या. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, दुपारी आमटी-भात आणि झोप. माणूस तृप्त होऊन जातो.

चर्चगेट_फास्ट

लातूरहून मुंबई बघायला आलेल्या माणसाला वाई दाखवायची. उत्तम. मग वाईच्या पाहुण्यांना लातूर.

पिठलंभाकरी

सातारी, ज्यांनी आयुष्यभर विहीर आणि टँकर बघितला त्यांना आधी समुद्र बघू द्या. घाट कुठे पळून जात नाही.

भटका_भुंगा

ताजवरून हरलो, पण घारापुरीवरून हरणार नाही. मोगराताई, सोमवार बंद आहे ना, मग रविवारी जा. सकाळी नऊच्या सुमारास गेटवेहून पहिल्या लाँचा सुटतात. तासाभराचा प्रवास. मामींना समुद्र बघायचाय तर किनाऱ्यावरून कशाला, मधोमध जाऊन बघू द्या.

उतरल्यावर धक्क्यावर छोटी गाडी आहे, पुढे शंभरसव्वाशे पायऱ्या. न चढणाऱ्यांसाठी खुर्चीच्या डोल्या मिळतात, भाव आधी ठरवा. वर गेल्यावर मुख्य लेण्यात आधी काहीच दिसत नाही, उजेडातून आल्यामुळे. दोन मिनिटं खांबाला टेकून उभं राहायचं. मग समोरच्या भिंतीतून ती मूर्ती हळूहळू बाहेर येते. वीस फूट उंच. मधला चेहरा डोळे मिटलेला, शांत. आपल्या डाव्या हाताला मिशीवाला उग्र अघोर, उजव्या हाताला कमळ धरलेला वामदेव. आपण त्रिमूर्ती म्हणतो, पण ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत ते, सदाशिवाचीच रूपं आहेत. (शंकासुर, हे बरोबर आहे ना?)

माझ्या सासूबाई तिथे अर्धा तास नुसत्या बसून होत्या. बाहेर आल्यावर माकडाने त्यांच्या हातातलं पेरूचं फोडींचं पान पळवलं, मीठमसाल्यासकट. परतीच्या लाँचमध्ये लेण्याबद्दल एक शब्द नाही, सगळी चर्चा माकडाची.

शंकासुर

बरोबर आहे. शंभरपैकी शंभर.

फक्त एक. रविवारी लाँचला रांग असते आणि गुडघेवाल्या माणसाला हलत्या लाँचमधून धक्क्यावर पाय टाकणं हीच खरी परीक्षा. पायऱ्या त्यानंतरच्या.

दर्यावर्दी

म्हणूनच सांगतो, भाऊच्या धक्क्यावर जा. मांडव्याची रो-रो घ्या. मोठी बोट, गाड्यासुद्धा आत जातात, चढ-उताराचा त्रास नाही, स्वच्छतागृह आहे, तासाभरात मांडवा. तिथे चहा प्या आणि परतीच्या फेरीने या. मामा ड्रायव्हर आहेत म्हणालात ना? बोटीच्या पोटात ट्रक-मोटारी रचून लावतात ते बघून खूश होतील.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. १८४१ साली या मराठी माणसाने धक्का बांधला. कोकणातल्या किती पिढ्या तिथे पहिलं पाऊल टाकून मुंबईत आल्या! त्याला कुणी पर्यटनस्थळ म्हणत नाही. मासळीचा वास येतो म्हणून असेल.

चिमणी_समोर

मी इथे क्वचित लिहितो, पण धागा वाचून राहवलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझी आत्या साताऱ्याकडच्या गावाहून आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. मी अशीच यादी केली होती, गेटवे, सिद्धिविनायक, राणीची बाग. ती म्हणाली, "मला मामांची गिरणी दाखव." मामा म्हणजे तिचे यजमान. लोअर परळला गिरणीत साचेखात्यात होते. ती स्वतः गावीच राहिली, शेती आणि सासू सांभाळत. संपाच्या आधी फक्त एकदा मुंबईला आली होती, तेव्हा मामांनी रस्त्यावरून बोट करून चिमणी दाखवली होती. ८२च्या संपानंतर ते गावी परतले ते परतलेच. आता ते नाहीत.

मी तिला घेऊन गेलो. गिरणीच्या जागी मॉल आहे. चिमणी तेवढी उभी आहे, रंग दिलेली, भोवती काचेची दुकानं. आत्या नऊवारीत, डोक्यावर पदर. दारावरच्या रखवालदाराने पिशवी यंत्रातून घालायला सांगितली, पिशवीत भाकरी होती. ती आत आली, पायाखालच्या चकचकीत फरशीवरून जपून चालत. मग वर बघून म्हणाली, "हीच. पण धूर नाही." दहा मिनिटं थांबलो. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला तयार नव्हती. तिथून निघालो. बाकीची यादी मी नंतर काढलीच नाही.

नलूमावशी

काय लिहू. पुन्हा एकदा वाचलं.

टिपणवही

प्रतिसाद हृद्य आहे, पण मूळ प्रश्नाच्या दृष्टीने थोडं स्पष्ट बोलते. प्रत्येक पाहुण्याला मुंबईशी असं नातं नसतं. मोगराच्या मामींना गेटवेपुढे उभं राहून फोटोच हवा असेल तर त्यात कमी काय आहे? फोटो गावी जाऊन चार घरी दाखवायचा असतो. आपण "खरी मुंबई दाखवतो" म्हणून त्यांना गल्लीबोळांतून फिरवतो आणि ते बिचारे मनात म्हणतात, ताज कधी येणार.

माझ्या नणंदेला मी हौसेने बाणगंगा दाखवली. समुद्राला लागून गोड्या पाण्याचं तळं, देवळं, दीपमाळा, शांतता. ती शेवटी म्हणाली, "वहिनी, असं आमच्याकडे पण आहे. शाहरुखचं घर लांब आहे का इथून?"

चर्चगेट_फास्ट

खीःखीः. मग नेलंत की नाही?

टिपणवही

नेलं. फाटकासमोर दीडशे माणसं होती. नणंद परतताना मला म्हणाली, सहल सार्थकी लागली.

चिमणी_समोर

टिपणवही, तुमचं बरोबर आहे. मी सल्ला दिला नव्हता, आठवण सांगितली. पण त्यांना काय बघायचंय ते आधी विचारलेलं बरं, एवढं तर तुम्हीही म्हणताय.

शंकासुर

मोगराताई, सोमवारसाठी एक युक्ती. घारापुरी बंद, पण घारापुरीचा हत्ती उघडा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो बेटावर नाहीच. १८६४ला इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, यारीची (क्रेनची) साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तेच पुढे १९१४ला जोडून भायखळ्याला राणीच्या बागेत उभे केले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात बघा. नीट पाहिलं तर सांधे दिसतात.

तिथेच एक काळा घोडाही भेटेल, सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन. काळा घोडा चौकातला मूळ पुतळा तो, १९६५ला तिथून हलवला. आता चौकात जो घोडा आहे तो २०१७चा, त्याच्यावर स्वार नाही.

बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद. सोमवारी खुशाल जा.

पिठलंभाकरी

वाखूसा (वाचनखूण साठवली). म्हणजे हत्ती बघायचा तर एलिफंटाला जायचं नाही, काळा घोडा बघायचा तर काळा घोड्याला जायचं नाही, आणि चर्चगेटला गेट नाही. मुंबई दाखवणं सोपं नाही बाबा.

गिरगावकर

चर्चगेटचं गेट होतं हो. फोर्टाच्या तटाला तीन दरवाजे होते, त्यातला सेंट थॉमस चर्चकडचा तो. १८६०च्या दशकात तट पाडला. असो, हे फार अवांतर झालं.

आणखी दोन गोष्टी. हाजी अलीला जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा, भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. आणि सीएसएमटीहून सिद्धिविनायकाला भुयारी मेट्रोने जा. सरळ "सिद्धिविनायक" नावाचंच स्टेशन आहे. सोमवारी दर्शनाला मंगळवारच्या मानाने काहीच गर्दी नसते.

मोगरा_डोंबिवली

मंडळी, चिमणी_समोर यांचा प्रतिसाद वाचून काल फोन केला. मामांना विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?"

मामी: समुद्र. पाय भिजवायचे. आणि गणपती.

मामा आधी म्हणाले, तू दावशील ते. जरा खोदल्यावर म्हणाले, "लोकल बघायची. बसायचं नाय, बाहिरून. आन् तू रोज उतरतीस ती जागा."

अकरा ठिकाणांची यादी फाडली.

टिपणवही

:) गेटवेचा फोटो मात्र काढा.

चर्चगेट_फास्ट

वृत्तांत येऊ द्या. वृत्तांत न टाकता पळालात तर पुढच्या पाहुण्यांना सगळे मिळून वाईला पाठवू.

मोगरा_डोंबिवली

(दहा दिवसांनी)

वृत्तांत. उशीर झाला, हुरडा संपवत होतो.

रविवारी साडेपाचच्या लोकलने मी सीएसएमटी गाठलं. गाडी वेळेत आली. सामान टाकलं, चहा झाला. गिरगावकरांच्या सूचनेप्रमाणे समोर जाऊन उभे राहिलो, सिंह सापडला, वाघ सापडला, पगडीवाला चेहरा मामींनी आधी शोधला. एकोणीस वर्षांत मी एकदाही वर बघितलं नव्हतं. तेवढ्यात मामा गायब. शोधते तर आत, लोकलच्या फलाटांच्या टोकाशी उभे. जिथे रूळ संपतात तिथे.

"पोरी, हितं बसूत घडीभर."

घडीभर म्हणजे दीड तास. गाडी आली, माणसं ओतली, गाडी गेली. दुसरी आली. तीन-चार गाड्या झाल्यावर मला विचारतात, "वळवत न्हाईत?" मी म्हटलं, काय? "गाडी. आल्या तोंडानं माघारी जातीया. रिव्हर्स बी घेत न्हाईत." मग मी त्यांना फलाटाने पार दुसऱ्या टोकाला नेलं, तिथलीही मोटरमनची केबिन दाखवली. त्यांनी काचेतून आत डोकावून बघितलं, परत चालत पहिल्या टोकाला आले, पुन्हा तिथली बघितली. "दोन्हीकडं तोंड! म्हंजे वळवायला जागाच लागत न्हाई." औश्याच्या जुन्या स्टँडात रिव्हर्स घेताना कंडक्टर मागे शिट्टी वाजवायचा, त्याची आठवण निघाली. तिथून डेपोतल्या तमाम लोकांची.

मी रोज कुठल्या दाराने बाहेर पडते तेही दाखवलं. त्या दारातून आम्ही तिघं बाहेर पडलो.

गेटवेला नऊ वाजता गर्दी सुरू झाली होती. फोटो काढला. (टिपणवही, दोन काढले.) पुठ्ठ्याच्या कमानीची गोष्ट मामांना फार आवडली, ती लातूरपर्यंत जाणार. लाँच हलताना बघूनच मामी म्हणाल्या, मी नाही बाई. मग मांडव्याची रो-रो. दर्यावर्दी, तुम्हाला दंडवत! मामा वर डेकवर आलेच नाहीत, खाली मोटारी कशा लावतात तिथे उभे. मामी वर कठडा धरून पूर्ण तास. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाल्या, "पल्याड दिसतच न्हाई की काही." थोड्या वेळाने अलिबागचे डोंगर दिसायला लागले तर जरा खट्टू झाल्या.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी, पाय भिजवले. पायातलं एक जोडवं वाळूत गेलं. दोन भेळवाले आणि एका फुगेवाल्याने मोबाइलचे दिवे लावून वाळू उकरली, फुगेवाल्याला सापडलं. तो पैसे घेईना, मग मामींनी दोन फुगे विकत घेतले आणि डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये सांभाळून आणले.

सोमवारी मेट्रोने सिद्धिविनायक. सरकत्या जिन्यापाशी मामी थबकल्या, चिमणी_समोर यांची आत्या आठवली. लिफ्टने गेलो. दर्शन अर्ध्या तासात. मग टॅक्सीने राणीची बाग. हत्तीचे सांधे मामांनी हात मागे बांधून सगळ्या बाजूंनी बघितले आणि म्हणाले, "डेंटिंग बरं केलंय." पेंग्विनच्या रांगेत मामी थांबल्या, आम्ही बाकावर डबा खाल्ला.

म्युझियम, हँगिंग गार्डन, जुहू, हाजी अली, सी लिंक राहिलं. महालक्ष्मीही राहिली, त्यावर मामी म्हणाल्या, बरं झालं, पुन्हा यायला कारण.

शंकासुर

"डेंटिंग बरं केलंय." शंभर वर्षांत त्या हत्तीला मिळालेला सर्वोत्तम अभिप्राय.

भटका_भुंगा

ताजची गोष्ट सांगितली का?

मोगरा_डोंबिवली

तुमची सांगितली. मग शंकासुरांची सांगितली. मामांना तुमची जास्त पटली.

भटका_भुंगा

माझा मामांना साष्टांग नमस्कार कळवा.

सडेतोड_सातारी

ठीक आहे, मुंबईत बघायला थोडंफार आहे. वाईचं आमंत्रण मात्र कायम.

नवा_सभासद_२

नमस्कार, हा धागा आत्ताच वाचला. माझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात चार दिवस येताहेत, शनिवार ते मंगळवार. घारापुरी, नॅशनल पार्क, कान्हेरी आणि तारांगण असा सोमवारचा बेत आहे. कसा वाटतो?

चर्चगेट_फास्ट

शंकासुर, तुम्ही सांगता की मी सांगू?